कावळ्याला विचारण्याआधी

(जालना येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्मृती-व्याख्यानमाला सुरू होते ती एखादा माणूस गेल्यानंतर. ज्या गुरुजींच्या नावाने आपण दरवर्षी इथे जमतो, ते आज असते तर ही माळ नसती. तरीही मी विषय कळवला तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने काळजीने विचारलं, "सर, विषय थोडा बदलता येईल का? लोक म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येतात." मी म्हणालो, म्हणूनच बदलायचा नाही. आणि खरोखरच पहिल्या दोन रांगांत साठी-सत्तरीची मंडळी बसलेली दिसताहेत. मी मुख्यतः तुमच्याशीच बोलणार आहे.

आपल्या घरात मरणाचा विषय निघाला की "शुभ बोल नाऱ्या" म्हणून तो तिथंच मिटवतात. म्हाताऱ्याने तोंड उघडलं, "माझ्या माघारी..." एवढंच म्हटलं, की सून म्हणते, "मामा, असं अभद्र काय बोलता, शंभरी गाठाल." ती प्रेमानेच म्हणते. पण मामा गप्प होतात आणि त्यांना जे सांगायचं असतं ते तसंच राहून जातं. हा गप्पपणा फोडण्यासाठी काही कल्पक माणसांनी काय केलं, ते आज सांगायचं आहे. त्यातले काही अमेरिकेतले आहेत, काही पुण्याचे, आणि एक तर आपल्याच जिल्ह्यातल्या जांबचे.

अमेरिकेपासून सुरू करतो. फिलाडेल्फिया शहरात 'अ‍ॅक्शन मिल' नावाचा एक लहानसा डिझाइन गट होता. निक येलेन, जेथ्रो हायको आणि त्यांचे सहकारी. यांच्यापैकी कोणाचाही धंदा मरणाचा नव्हता. डॉक्टर नव्हते, पाद्री नव्हते. माणसांना एकत्र बसवून अवघड विषयावर बोलतं कसं करायचं, हे त्यांचं काम. २०१३ साली त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे केले आणि 'माय गिफ्ट ऑफ ग्रेस' नावाचा खेळ काढला. पुढे त्याचं नाव बदलून नुसतं 'हॅलो' झालं.

खेळ असा. चार-पाच जण गोल बसतात. प्रत्येकाकडे एक लहान पुस्तिका असते, तिच्यात बत्तीस प्रश्न. एक जण प्रश्न मोठ्याने वाचतो. मग लगेच कोणी बोलायचं नाही. आधी सगळ्यांनी आपापलं उत्तर लिहायचं आणि नंतर एकेकाने वाचून दाखवायचं. शेवटच्या दिवशी कोणतं संगीत कानावर पडावं असं वाटतं, हा एक प्रश्न. तुमच्यावर नीट उपचार व्हावेत म्हणून तुमच्या आजारापलीकडच्या कोणत्या तीन गोष्टी डॉक्टरांना माहीत असायला हव्यात, हा दुसरा. कोणाचं उत्तर मनाला भिडलं तर त्याला आपल्याजवळची एक सोंगटी द्यायची, आभार म्हणून. शेवटी सोंगट्या मोजायच्या आणि नाणं उडवायचं. ज्याच्याकडे सर्वांत जास्त तो जिंकला की सर्वांत कमी तो, हे नाणं ठरवतं.

या माणसांची खरी प्रतिभा मला या नियमांत दिसते. प्रश्न कोणालाही सुचतील. पण "आधी लिहा, मग वाचा" हा नियम आपल्या घरात लावून बघा. आपल्याकडे चारचौघांत बोलायचा मान थोरल्याचा. आण्णा बोलले की धाकटा मान डोलावतो, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी असलेली सून तर मोजणीतच नसते. लिहायला बसवलं की थोरल्याचं उत्तर ऐकण्याआधी धाकट्याचं उत्तर कागदावर उतरलेलं असतं. सुनेचंही. ते आता बदलता येत नाही. नाण्याचा नियमही तसाच विचाराने केलेला. जास्त सोंगट्या मिळवणाराच जिंकणार हे आधी ठाऊक असतं, तर माणूस समोरच्याला आवडेल असं गोड बोलला असता. जिंकणं नाण्यावर सोपवल्यामुळे खोटं बोलण्यात फायदा उरत नाही, आणि हरणाऱ्याला वाईट वाटायचं कारणही उरत नाही.

कॅलिफोर्नियात डॉ. एलिझाबेथ मेंकिन आणि 'कोडा अलायन्स' ही संस्था यांनी याच्याही आधी 'गो विश' नावाचा छत्तीस पत्त्यांचा जोड केला होता. "मला वेदना नसाव्यात", "मला यंत्रांना जोडून ठेवू नये", "माझी माणसं जवळ असावीत" अशी एकेक इच्छा एकेका पत्त्यावर. पत्त्यांचे तीन ढीग करायचे: फार महत्त्वाचं, थोडं महत्त्वाचं, बिनमहत्त्वाचं. ज्या आजाऱ्याला बोलायचा त्राण नाही, तोही पत्ता उचलून या ढिगातून त्या ढिगात टाकू शकतो.

लंडनमध्ये जॉन अंडरवूड याने २०११ साली आपल्या घरी माणसं बोलावली, चहा-केक ठेवला आणि मरणाविषयी मोकळेपणी बोला म्हणाला. त्याला प्रेरणा मिळाली होती बेर्नार क्रेताझ या स्विस समाजशास्त्रज्ञाकडून. क्रेताझने २००४पासून आपल्या देशात अशा बैठका घेतल्या होत्या. अंडरवूडचे 'डेथ कॅफे' जगभर पसरले. तो स्वतः २०१७ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, अचानक गेला. आई आणि बहीण यांनी ते काम पुढे चालवलं.

हे सगळं ठीक, पण बोलून होतं काय, असं कोणी विचारेल. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या डॉ. लॉरेन व्हॅन स्कॉय यांनी हेच तपासलं. 'हॅलो' हा खेळ त्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या लोकांना, बहुधा चर्चच्या किंवा मोहल्ल्याच्या सभागृहात, एकत्र बसवून खेळायला दिला. या समाजाचा दवाखान्यांवर विश्वास कमी, आणि त्याला जुनी, खरी कारणं आहेत. २०२०मध्ये निष्कर्ष छापून आले. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ सगळ्यांनी, म्हणजे ९८ टक्क्यांनी, घरच्यांशी बोलणं किंवा कागदपत्र बघणं असं काहीतरी पाऊल उचललं होतं. आणि ४१ टक्क्यांनी आपल्या उपचारांविषयीचं इच्छापत्र लिहून पुरं केलं होतं. एका दुपारच्या खेळातून हे घडलं.

आता आपल्याकडे येऊ. कोणी म्हणेल, आपल्याला असल्या खेळाची गरज काय? आपण मरणाला भिणारा समाज नाही. हे अर्धं खरं आहे. मरण झाल्यावर आपण उत्तम बोलतो. मरणाआधी बोलत नाही.

तुम्ही सगळेच कधी ना कधी गोदाकाठी दहाव्याला गेला आहात. आपल्या जिल्ह्याची दक्षिण हद्द गोदावरीच आखते, आणि शहागडला काय किंवा तिकडे घनसावंगी-परतूरच्या बाजूच्या गावांना काय, ते दृश्य सारखंच. मुंडण झालेली मुलं, ओलं उपरणं, भाताचे पिंड. पिंडाशेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीचं: जिलबी, भजी, चहाचा कप, तंबाखूची पुडी. सगळे चार पावलं मागे सरतात आणि झाडाकडे बघत राहतात. कावळा येतो, फांदीवर बसतो, उतरत नाही. मग भाऊबंदांतला एखादा जाणता पुढे होतो, हात जोडतो आणि म्हणतो, "आन्ना, मनात काय राह्यलं असंल ते काढून टाका. पोरीचे हात पिवळे करू आम्ही, काळजी करू नका." कावळा हलत नाही. दुसरा कोणी म्हणतो, "धाकट्याच्या वाटणीचं असंल." थोरला पुढे येऊन सगळ्यांसमोर शब्द देतो. तरी नाही. "मायला सांभाळतो, तिला कुठं पाठवत नाही." ऊन चढतं. एकेक अंदाज करून बघितला जातो. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि लोक पांगतात.

मी या विधीला नावं ठेवायला उभा नाही. मला तो फार मोठा वाटतो. कारण जिवंतपणी ज्या मुलाने बापासमोर मान वर केली नाही, तो तिथे पंचक्रोशीसमोर बापाशी बोलतो, शब्द देतो, आणि बरेचदा पाळतोही. आपल्या लोकांनी रचलेला हा मृत्यूविषयीच्या संवादाचा सर्वांत धीट प्रकार आहे. त्याला नियम आहेत, पाळी आहे, साक्षीदार आहेत. फक्त ज्याला विचारायचं तो माणूस त्यात नाही. त्याच्या मनात काय होतं ते आपण कावळ्याच्या उतरण्यावरून ताडत बसतो. आणि जिला ते नक्की ठाऊक असण्याची शक्यता सर्वांत जास्त, ती त्याची बायको बहुतेक वेळा घाटावर आलेलीच नसते. ती घरी, कोपऱ्यात, बायकांच्या गराड्यात बसलेली असते.

दहाव्याला घाटावर प्रवचन ठेवायची पद्धत आता गावोगावी झाली आहे. वर्षश्राद्धाला कीर्तन, चौकात 'प्रथम पुण्यस्मरण' असा फलक. मृत्यूवरचं ज्ञान आपल्या कानावर कमी पडतं असं मुळीच नाही, आणि ते सांगणारे थोर होते. १६०८ साली रामनवमीला जांबला जन्मलेल्या नारायण सूर्याजी ठोसरांचंच बघा, म्हणजे आपल्या समर्थांचं. 'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकाचा नववा समास सबंध मृत्यूवर आहे. राजा असो, पंडित असो, बलवान असो, एकेकाचं नाव घेऊन मृत्यू कोणालाच सोडत नाही हे समर्थ त्यात इतक्या लयीत सांगतात की लहान मूलही तो ऐकून डोलेल. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती 'दासबोधा'ची बैठक. श्रोता मधेच शंका काढतो, वक्ता थांबतो, शंकेला उत्तर देतो. मृत्यू हा प्रश्नोत्तरांचा विषय आहे, हे या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने साडेतीनशे वर्षांपूर्वी ग्रंथाच्या रचनेतूनच दाखवून दिलं.

पण ते बोलणं सर्वांशी आहे. माणूस मर्त्य आहे हे त्यातून कळतं. माझ्या बापाला शेवटी शेतातल्या घरात राहायचं आहे की लेकीकडे, हे त्यातून कळायचं नाही. ते ग्रंथाचं कामच नाही.

खेळाचीही आपल्याला नवलाई नाही. मोक्षपट आपल्या जुन्या पोथ्यांच्या संग्रहांत सापडतात. कवड्या टाकायच्या, सद्गुणाच्या शिडीने वर जायचं, दुर्गुणाच्या सापाने खाली यायचं, आणि वरचं शेवटचं घर मोक्षाचं. परंपरा त्याचं जनकत्व ज्ञानेश्वरांना देते. याकोब श्मिट-मॅडसन या डॅनिश अभ्यासकाने पश्चिम भारतातल्या अशा पटांवर कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध लिहिला, २०१९ साली. इंग्रजांनी हा खेळ नेला, घरांची नावं पुसली आणि आपल्याला सापशिडी म्हणून परत दिला. मेल्यावर जीव कुठे जातो याची चर्चा पोरांसोबत जमिनीवर मांडी घालून करणारी घरं आपल्याकडे होती, एवढंच मला यातून घ्यायचं आहे.

आणि १९७४ साली पुण्यात सतीश आळेकरांनी 'महानिर्वाण' लिहिलं, बसवलं. थिएटर अकॅडमीचा प्रयोग. चंद्रकांत काळे यांचे भाऊराव, आनंद मोडकांचं संगीत. भाऊराव मेलेले आहेत आणि स्वतःच्याच मरणावर कीर्तन करताहेत. जुन्या स्मशानातच आपल्याला जाळा हा त्यांचा हट्ट, आणि जुनं स्मशान तर बंद होत चाललेलं. मुलगा नाना बापाचं प्रेत घेऊन खोळंबलेला. प्रेक्षक हसून हसून बेजार होत आणि घरी जाताना गप्प होत. आळेकरांनी एक फार नेमकी गोष्ट हेरली: मेलेल्या माणसाला काहीतरी ठाम हवं होतं, आणि ते कोणी त्याला विचारलेलं नव्हतं. म्हणून ते सांगायला त्याला मेल्यावर उठावं लागलं. कीर्तनासारखा सर्वांच्या ओळखीचा घाट वापरला म्हणूनच हे मराठी माणसाने ऐकून घेतलं. तेच भाषण म्हणून दिलं असतं तर कोणी बसलं नसतं.

माझं म्हणणं इथं येऊन ठेपतं. समर्थांपासून आळेकरांपर्यंत मृत्यूविषयी बोलण्याचे सार्वजनिक घाट आपण एकाहून एक सरस घडवले. घरातला घाट घडवायचा राहिला. ओसरीवर, रात्रीच्या जेवणानंतर, पाच माणसांत बोलता येईल असा. फिलाडेल्फियाच्या मंडळींनी जे केलं ते आपल्या भाषेत, आपल्या घरांना साजेसं करावं लागेल. त्यांच्या पुस्तिकेचं भाषांतर करून भागणार नाही.

हे न केल्याची किंमत आपण दवाखान्याच्या जिन्यावर मोजतो. पेशंट बिघडला की जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला हलवतात. रात्री दोनला डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" थोरला म्हणतो, "साहेब, करायचं ते सगळं करा." त्याला दुसरं काही म्हणताच येत नाही. नाही म्हटलं तर उद्या भाऊबंद म्हणतील, पैसा वाचवायला बाप मारला. पुण्याहून निघालेला धाकटा फोनवर "मी येईपर्यंत काही काढू नका" म्हणतो. लेक जिन्यात रडत असते, तिला वाटतं बापाला घरी न्यावं, पण तिला कोणी विचारत नाही. आठ दिवसांत एकरभर जमिनीचे पैसे संपतात, आणि शेवटी गाडीत नळ्या लावूनच माणसाला गावाकडे आणतात, तुळशीपत्र तोंडात घालण्यापुरतं. या घरात कोणी वाईट नाही. प्रत्येक जण त्या माणसाला काय हवं असेल याचा अंदाज करतोय. घाटावर दहाव्या दिवशी जे होतं, ते इथे आधीच सुरू झालेलं असतं.

मग आपल्या ओसरीवरच्या खेळात प्रश्न कोणते असावेत? काही मी तयार केले आहेत. तुम्हाला शेवटचे दिवस मळ्यात काढायचे आहेत, गावातल्या घरात की लेकीकडे? उशाशी कोण बसलेलं आवडेल, आणि कोण नको? कोणाशी अबोला आहे, आणि तो सोडायचा असेल तर पहिला निरोप कोणी न्यायचा? हातउसने कोणाला दिलेत, कोणाकडून घेतलेत, आणि हे घरात दुसऱ्या कोणाला माहीत आहे? बोलता येईनासं झालं तर तुमच्या वतीने डॉक्टरांशी कोणी बोलावं, थोरल्याने की ज्याला तुमचं मन कळतं त्याने? भजन ठेवायचं तर कोणतं मंडळ? दहाव्याचा, तेराव्याचा खर्च किती करावा, आणि कर्ज काढून करायचा का?

बायकांसाठी वेगळे प्रश्न लागतील, हे मला एका म्हातारीने शिकवलं. ती म्हणाली, "मला इचारायचं तर इचार की माझ्या पाटल्या कोनाला, आन् माझ्या माहेरच्या मानसाला सांगावा येळेवर धाडतील का." दोन्ही गोष्टी माझ्या यादीत नव्हत्या. तिच्या मनात त्या चाळीस वर्षं होत्या.

एक सावधगिरी इथे जोर देऊन सांगतो. आपला मराठवाडा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेला आहे. कर्जाने, नापिकीने खचलेला माणूस मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याच्यापुढे असला खेळ मांडायचा नाही. तो शेवटाची तयारी करत नाही, त्याला आत्ता मदत हवी आहे. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा, डॉक्टरकडे न्या. 'टेलिमानस'चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. हा खेळ ज्यांना जगायचं आहे त्यांच्यासाठीच आहे.

कायद्यानेही आता दार उघडलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. बरं होण्याची आशा संपल्यावर कोणते उपचार नकोत हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो, असा तो निकाल. पण पद्धत इतकी किचकट होती की कागद न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यावा लागे. २४ जानेवारी २०२३ला न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावं त्यात घालता येतात. हे कागद सांभाळायचे कोणी, या प्रश्नावर मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अभिरक्षक अधिकारी नेमले. म्हणजे कागद करायची सोय झाली. पण त्या कागदावर काय लिहायचं हे नोटरी सांगणार नाही. ते ओसरीवरच ठरावं लागेल, आणि ज्यांची नावं कागदात घालायची त्यांनी ते तिथे बसून ऐकलेलं असावं लागेल. नाहीतर कागद कपाटात आणि थोरला जिन्यावर, अशी गत व्हायची.

माझ्या प्रश्नांच्या प्रती कार्यकर्त्यांनी दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. त्या पुऱ्या नाहीत. मागच्या बाजूला जागा कोरी सोडली आहे. तुमच्या घरात, तुमच्या समाजात जो प्रश्न आधी विचारायला हवा होता आणि राहून गेला, तो तिथे लिहा. मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध, लिंगायत घरांतल्या मंडळींनी आवर्जून लिहा, कारण माझी यादी माझ्या घरातून निघालेली आहे. पेन कमी आहेत, आपसांत फिरवा. नाव घालायची गरज नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दोन विद्यार्थिनी तिथे बसल्या आहेत, त्या लिहून घेतील.